कार्व्हरच्या पलीकडचं टस्कीगी

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आलं आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका आडगावाचं नाव मराठी घरांत पोहोचलं. शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक मिळालेल्या कुणालाही टस्कीगी म्हणजे काय ते विचारा. भुईमूग, रताळी, भंगारातून उभी केलेली प्रयोगशाळा, सगळं घडाघडा सांगता येईल. पण तिथल्या शिक्षणसंस्थेत काम करणारे कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर १९४३ साली गेले. पुढे त्या संस्थेचं काय झालं, आज तिथे काय शिकवतात, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते.

टस्कीगी आज एक विद्यापीठ आहे. तिथे गुराढोरांचे डॉक्टर तयार होतात, विमानं आणि अवकाशयानांचे अभियंते तयार होतात, वास्तुरचनाकार, परिचारिका, शेतीतज्ज्ञ, शिक्षक तयार होतात. वैद्यकीय संशोधन करताना माणसाशी कसं वागावं याचा विचार करणारं एक केंद्रही तिथे आहे. माहितीपत्रकातली यादी म्हणून वाचलं तर यात काही विशेष वाटणार नाही. मात्र यातल्या बहुतेक शाखा कुणा समितीने बसून ठरवलेल्या नाहीत. त्या तिथल्या गरजेतून निघाल्या, काही अडवणुकीतून निघाल्या, आणि एक तर सरळसरळ अन्यायातून निघाली.

आधी या विद्यापीठाची जातकुळी सांगायला हवी. अमेरिकेत ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये आणि विद्यापीठे’ असा एक कायद्याने मान्य केलेला वर्ग आहे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने त्याची व्याख्या केली: १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हाच मुख्य हेतू असलेली मान्यताप्राप्त संस्था. अशा संस्था आज शंभराच्या आसपास आहेत आणि प्रवेश सगळ्यांनाच खुला आहे. सर्वांत जुनी पेन्सिल्वेनियातली चेनी, १८३७ ची. बाकीच्या बहुतेक यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर उभ्या राहिल्या. त्याआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षरओळख करून देणं हाच गुन्हा होता. अलाबामा त्यांतलंच एक. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. तिथल्या मुक्त झालेल्या माणसांसाठी टस्कीगीत शाळा निघाली ती त्यानंतर आठ वर्षांनी.

आणि ती निघाली मतांच्या सौद्यातून. ल्युईस ॲडम्स हा पूर्वीचा गुलाम टस्कीगीत पत्र्याचं काम, खोगिरं आणि जोडे असे तिन्ही उद्योग करायचा. कृष्णवर्णीय वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. १८८० च्या निवडणुकीत डब्ल्यू. एफ. फॉस्टर नावाच्या गोऱ्या उमेदवाराने त्याच्याकडे मतं मागितली. ॲडम्सने त्या बदल्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, शाळा मागितली. फॉस्टर निवडून आला आणि त्याने शब्द पाळला. विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, पण ते फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा, इमारत, बाक, फळा यांसाठी एक छदामही नाही. मुख्याध्यापक म्हणून व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेतून बुकर टी. वॉशिंग्टन आले. जन्माने गुलाम, वय पंचविशीचं. ४ जुलै १८८१ रोजी चर्चच्या आवारातल्या पडक्या खोलीत तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरला. छपराला इतकी भोकं होती की पावसात एखादा विद्यार्थी शिक्षकांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही, असं वॉशिंग्टननी आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

वर्षभरात गावाबाहेर एक उजाड मळा विकत मिळाला. जिथे पूर्वी गुलाम राबत, ती शंभर एकर जमीन. इमारत बांधायची तर विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टीच नव्हती. मग आपणच पाडू, असं ठरलं. विटा कशा भाजतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. विद्यार्थी गुडघाभर चिखलात उभे राहून माती तुडवत आणि वैतागून कुरकुरत. आम्ही शिकायला आलो, चिखल तुडवायला नाही, असं म्हणून काही जण निघूनही गेले. पहिली भट्टी पंचवीस हजार विटांची लावली, ती फसली. दुसरी फसली. तिसरी आठवडाभर जळत राहिली आणि शेवटी शेवटी एका मध्यरात्री ढासळली. हातात पैसा उरला नव्हता. वॉशिंग्टननी मंटगमरीला जाऊन स्वतःचं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र पुन्हा सोडवता आलं नाही. पुढे आसपासचे गोरे लोकही विटा टस्कीगीतूनच नेऊ लागले. वीस वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना वॉशिंग्टन एका हंगामात बारा लाख विटा पाडल्याचं सांगतात.

या भट्टीपासून आजच्या वास्तुरचना विभागापर्यंत वाट सरळ जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८९२ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी रॉबर्ट टेलर टस्कीगीला आले आणि थोडा काळ वगळता निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. ते आराखडे काढत, विद्यार्थी विटा पाडत, सुतारकाम करत, भिंती रचत. ज्या वर्गात बसायचं तो वर्ग आधी बांधायचा, असा तो प्रकार. १९४२ मध्ये टेलर प्रार्थनेसाठी आले असताना कोसळले, ते त्यांनीच आखलेल्या प्रार्थनागृहात. ती इमारत १९५७ मध्ये जळाली. तिच्या जागी पॉल रुडॉल्फ या नामवंत वास्तुरचनाकाराने आखलेलं प्रार्थनागृह १९६९ मध्ये पुरं झालं. आधी ते काँक्रीटचं होणार होतं, पण खर्चाचा मेळ बसेना, म्हणून शेवटी तेही विटांचंच झालं. वास्तुरचना आणि बांधकामशास्त्राचा विभाग आज टेलर यांच्या नावाने चालतो. वास्तुरचनेची पाच वर्षांची व्यावसायिक पदवी तिथे मिळते.

दिवसा काम आणि रात्री अभ्यास ही टस्कीगीची पद्धत वाचताना कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना मराठी माणसाला आठवणारच. दिवसाचे दहा तास काम आणि रात्री दोन तास वर्ग अशी तिथली रात्रशाळा होती. पण या पद्धतीवर अमेरिकेत मोठा वाद झाला. १८९५ मध्ये अटलांटातल्या भाषणात वॉशिंग्टननी आपल्या लोकांना सुचवलं की आधी हातात कसब आणि गाठीला पैसा येऊ द्या, सामाजिक बरोबरीचा आग्रह तूर्त नको. गोऱ्यांना हे फार आवडलं. हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतलेले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९०३ मध्ये त्यावर कडक टीका केली. मतदान, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण या तिन्हींवर पाणी सोडून नुसतं सुतारकाम शिकवाल तर त्या सुताराच्या मालमत्तेचं रक्षण कोण करणार, असा त्यांचा रोख होता.

मला ड्यू बॉईस यांचं म्हणणं अधिक पटतं. तरी वॉशिंग्टन दिसतात तितके सरळ नव्हते. व्यासपीठावर सबुरीची भाषा करणारा हा गृहस्थ अलाबामातल्या मतदानबंदीविरुद्धच्या खटल्यांना गुपचूप पैसा पुरवत होता. शिवाय १९१५ मध्ये ते वारले तेव्हा दीड हजारांच्या आसपास विद्यार्थी आणि शंभरेक इमारती मागे होत्या. काही वर्षांतच, १९२० च्या दशकात, या ‘हातकामाच्या’ शाळेत महाविद्यालयीन पदव्या सुरू झाल्या. ड्यू बॉईसना हवं होतं ते वॉशिंग्टनच्या अंगणातच उगवलं म्हणायचं.

हातकामाच्या शाळेत पुस्तकी विद्येचं काय चाललं होतं, याचं एक उदाहरण फारसं कुणी सांगत नाही. मन्रो वर्क या समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये टस्कीगीत नोंदी आणि संशोधनाचा विभाग सुरू केला. जमावाने केलेल्या हत्यांच्या बातम्या देशभरच्या वर्तमानपत्रांतून कापून, तपासून, वर्षवार मांडायचं काम हा विभाग करी. १८८२ पासूनच्या घटनांचा हा हिशेब दरवर्षी छापायला दिला जाई. त्या काळात कृष्णवर्णीय माणसाच्या खुनाची मोजदाद ठेवणं कुठल्याही सरकारी कचेरीला महत्त्वाचं वाटत नव्हतं. आजही इतिहासकारांना त्या आकड्यांकडे वळावं लागतं.

आता कार्व्हर. १८९६ मध्ये ते आले आणि शेवटपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं, राहिले. त्यांच्याबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकू: पीनट बटरचा शोध त्यांनी लावला नाही. त्यांच्या नावावर पेटंट अवघी तीन आहेत आणि त्यांतलं एकही फारसं चाललं नाही. त्यांची खरी करामत वेगळी होती. वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमीन निकस झाली होती आणि वर बोंडांवर सोंडकिडा आला होता. अशा वेळी खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला लावणं आणि ती घरात कशी वापरायची हे साध्या भाषेत सांगणं, हे ते काम. १९१६ च्या त्यांच्या पुस्तिकेत भुईमुगाचे १०५ प्रकार दिले आहेत. ती शेतकऱ्याच्या बायकोने स्वयंपाकघरात ठेवायची पुस्तिका होती, कारखानदारासाठी नव्हती.

शेतकरी शाळेत येत नाही तर शाळेने शेतकऱ्याकडे जावं, म्हणून १९०६ मध्ये अवजारं, बियाणं आणि दूध घुसळायची यंत्रं लादलेली एक घोडागाडी निघाली. तिच्यावर नेमलेले थॉमस कॅम्बेल हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. नंतर घोडे गेले, मोटार आली आणि तीत शेतीतज्ज्ञाबरोबर परिचारिकाही बसू लागली. कृषी, पर्यावरण आणि पोषणशास्त्राचं आजचं महाविद्यालय हीच परंपरा सांगतं. तिथल्या रताळ्याने पुढे भलतीच मजल मारली. अवकाशात दीर्घकाळ राहणाऱ्यांना ताजं अन्न कसं पिकवता येईल, या नासाच्या संशोधनात टस्कीगीने रताळी वाढवून दाखवली. माती नाही, पोषक द्रव्यं मिसळलेल्या पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवायचा आणि त्यात मुळं सोडायची.

कार्व्हरनी आपली पुंजी देऊन संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं होतं. त्याचा उपयोग त्यांच्या पश्चात अशा कामाला झाला की ते स्वतःही चकित झाले असते. १९५३ मध्ये साल्क यांची पोलिओ लस चाचणीच्या उंबरठ्यावर होती. लसीचा परिणाम तपासायला प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी पेशी प्रचंड प्रमाणात लागणार होत्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता, १९५१ मध्ये घेतलेल्या हेला पेशी त्यासाठी योग्य ठरल्या. त्या वाढवण्याचं केंद्र टस्कीगीत, कार्व्हर प्रतिष्ठानात उभं राहिलं. रसेल ब्राऊन आणि जेम्स हेंडरसन हे शास्त्रज्ञ ते सांभाळत. ऐन भरात आठवड्याला सुमारे वीस हजार नळ्या भरून देशभरच्या प्रयोगशाळांना जात. अलाबामाच्या उन्हाळ्यात तापमान सांभाळत या जिवंत पेशी पोहोचवणं हेच मोठं जिकिरीचं काम होतं.

पशुवैद्यक महाविद्यालय मात्र निव्वळ अडवणुकीतून निघालं. टस्कीगीहून वीसेक मैलांवर ऑबर्नला पशुवैद्यकाची नावाजलेली शाळा होती, पण ऑबर्नने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९६४ मध्ये. फ्रेडरिक पॅटरसन हे स्वतः पशुवैद्य. ते १९३५ मध्ये टस्कीगीचे प्रमुख झाले आणि दहा वर्षांत त्यांनी आपलंच महाविद्यालय उभं केलं. १९४५ मध्ये वर्ग सुरू झाले, १९४९ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत आल्फ्रेडा जॉन्सन वेब होत्या, पशुवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक. त्यानंतर कित्येक दशकं ऐतिहासिक कृष्णवर्णीय संस्थांपैकी पशुवैद्यकाचं महाविद्यालय फक्त टस्कीगीत होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास इथलेच, असं विद्यापीठ सांगतं. एकाच महाविद्यालयाच्या खांद्यावर एका समाजाचा अख्खा व्यवसाय उभा असल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही. पॅटरसन यांनी १९४४ मध्ये अशा खासगी महाविद्यालयांसाठी एकत्रित देणग्या गोळा करणारा युनायटेड नीग्रो कॉलेज फंडही सुरू केला. तो आजही चालतो.

आकाशाची गोष्टही अशीच. कृष्णवर्णीय माणूस लढाऊ विमान चालवण्याच्या लायकीचा नाही, अशी अमेरिकन लष्कराची धारणा होती आणि १९२५ च्या एका लष्करी अहवालाने तिला शास्त्राचा मुलामाही दिला होता. टस्कीगीने १९३९ मध्ये नागरी वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू केलं. १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या आणि मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या विमानात बसून त्यांनी फेरी मारली. तो फोटो देशभर छापून आला. युद्धकाळात सुमारे हजार कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक टस्कीगीत तयार झाले. १९८३ मध्ये इथे एरोस्पेस अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली, ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांमधली ही अशी पहिली मान्यताप्राप्त पदवी. विद्युत, यांत्रिकी आणि रासायनिक अभियांत्रिकी तिच्या जोडीला आहेतच; सामग्रीविज्ञान आणि अभियांत्रिकीत डॉक्टरेटही करता येते.

हे सगळं वाचून टस्कीगी म्हणजे फक्त विज्ञान आणि तंत्र असं वाटेल. पण ‘इन्व्हिजिबल मॅन’चे लेखक राल्फ एलिसन १९३३ मध्ये इथे आले ते संगीत शिकायला. तेव्हा गायकवृंद विल्यम डॉसन सांभाळत होते आणि १९३४ मध्ये त्यांची सिंफनी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने वाजवली. आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी तर वर्गात शिकवलेलं थेट न्यायालयात नेलं. टस्कीगी शहराची हद्द चौकोनी होती. शिकलेले कृष्णवर्णीय मतदार वाढू लागले तेव्हा, १९५७ मध्ये, अलाबामाच्या विधिमंडळाने ती हद्द अशी वेडीवाकडी कापली की तिला अठ्ठावीस बाजू झाल्या आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच तेवढे शहरात उरले. गोमिलियन यांचा खटला फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने लढवला आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

याच फ्रेड ग्रे यांच्याकडे पुढे आणखी एक प्रकरण आलं. १९३२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगीच्या परिसरातल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालवला होता. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, ‘रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढताना तो खास मोफत उपचार असल्याचं भासवलं. दफनाचा खर्च देऊ, असं आमिष दाखवलं, कारण मेल्यावर शवविच्छेदन करायचं होतं. पेनिसिलिन १९४० च्या दशकात उपलब्ध झालं, तरी ते मिळू दिलं नाही. उपचाराविना हा रोग माणसाला कसा पोखरतो, हेच पाहायचं होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत वाच्यता झाली तेव्हा कुठे हे थांबलं. प्रयोग सरकारचा होता. पण संस्थेच्या रुग्णालयाने जागा आणि सोयी दिल्या होत्या, ही गोष्ट झाकता येत नाही. ग्रे यांनी दावा लावला, नुकसानभरपाई मिळाली. १९७४ मध्ये माणसांवरच्या संशोधनावर अंकुश ठेवणारा कायदाही झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये, तेव्हा मोजकेच जण हयात होते. १९९९ मध्ये टस्कीगीत जैवनीतिशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्या बाजूने हा विषय मांडणारी जागा जगात कुठे असायला हवी, तर ती इथेच.

संस्थेला विद्यापीठाचं नाव १९८५ मध्ये मिळालं. आज विद्यार्थी तीन हजारांच्या घरात आहेत. पशुवैद्यक, कृषी, अभियांत्रिकी, कला-विज्ञान, व्यवसाय आणि माहितीशास्त्र ही महाविद्यालयं आहेत. वास्तुरचना, शिक्षण आणि परिचर्या यांच्या स्वतंत्र शाळा आहेत. परिचर्येतली अलाबामातली पहिली पदवी १९४८ मध्ये इथेच सुरू झाली. विद्यापीठ खासगी आहे, पण राज्याचा थोडा निधी त्याला मिळतो. श्रीमंत विद्यापीठांच्या गंगाजळीशी तुलना केली तर या वर्गातल्या सगळ्याच संस्था तुटपुंज्या पैशांत चालतात. २०२० मध्ये दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी टस्कीगीला दोन कोटी डॉलर दिले, ही मोठी बातमी झाली. आवाराचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि वॉशिंग्टन यांचं ‘द ओक्स’ हे घर आणि कार्व्हर संग्रहालय राष्ट्रीय उद्यान सेवा सांभाळते. त्या इमारतींच्या आसपास रोजचे वर्ग भरतात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मात्र गोठे आणि रुग्णालय गाठावं लागतं.